आईच्या उंबऱ्यावरचं इंजन

माझं माहेर पाण्यात हाय. असं म्हणलं की नवी माणसं हसत्यात, पण खरंच पाण्यात हाय, भीमेच्या काठाला गाव होतं आमचं, धरण झालं अन् गाव खाली गेलं. मी तवा आठ-नऊ वर्षांची असंन, नक्की वय काय सांगू तुम्हाला, आमच्यात कोण लिवून ठेवत होतं, आई म्हणायची तू बाजरी काढायच्या दिसांत झालीस, बास. माझं नाव इंदू. आता समदी इंदूमावशी म्हणत्यात, तुमी बी मावशीच म्हणा ताई, ते आजीबिजी म्हणू नका, ह्या वयात मी इंजनाला हँडल मारती.

गाव सोडलं त्या दिवसाचं एकच ध्यानात हाय. बैलगाडीत भांडी भरल्याली, म्हस मागं बांधल्याली, बाप म्हणतोय चल उरक, अन् आई आपली उंबरा धुतीय. दगडी उंबरा होता आमचा, काळा, मधी पाय पडून पडून झिजल्याला. तिनं तो धुतला, हळदीकुकू लावलं, दोन्ही कडंला रांगोळीची पावलं काढली. बाप म्हणला आगं आज न्हाय उद्या पाणी येतंय हितं, कुणासाठी काढतीस. आई म्हणली पाण्यासाठीच काढती, ते बी दारातनंच आत येणार न्हवं का. मग मला म्हणली उडी मारून ये भाईर, उंबऱ्यावर पाय देऊ नगं. आमच्यात उंबऱ्यावर बसत न्हाईत, उभं ऱ्हात न्हाईत, तुमच्यात बी नसतील. मी उडी मारली, गाडीत बसले, अन् ते दार मागं ऱ्हायलं.

मग आमी सुप्याकडं आलो, मामाच्या आसऱ्याला. नदीची माणसं कोरड्यात येऊन पडली बगा. तिकडं हंडाभर पाण्याला माळ तुडवायचा, माळावर हरणं दिसायची, पाणी दिसायचं न्हाय. तवापासनं मला एक सपान पडाय लागलं. सपनात गाव जसंच्या तसं, वर पाणी अन् खाली गाव, चुलीचा धूर पाण्यातनं सरळ वर चाललाय, आढ्यावर मासे चिमण्यांवानी बसल्यात, अन् आई दारात उभी. मी म्हणायची आई आत येऊ का. ती काय बोलायची न्हाय, नुसती बघायची. आई तिकडं सुप्याकडंच वारली, तिला ते दार परत दिसलं न्हाय, पण माझ्या सपनात ती तितंच उभी. लगीन झालं तरी सपान पडायचं, पोरगं झालं तरी पडायचं. मालकांना सांगितलं की म्हणायचं, रातीचा भात कमी खात जा.

मालक म्हंजी आमचं धनी. त्यांचं नाव मी कशाला घिऊ, तुमी रेशनकार्डावर बघा. मला दिली ती परत पाण्याच्याच काठाला दिली, कळस गावाच्या खाली नदीच्या अंगाला, ह्या हितंच. आमचं रान वर हाय अन् पाणी खाली. पावसाळ्यात पाणी बांधाला येऊन टेकतं, अन् उन्हाळा लागला की मागं मागं सरत जातं, आज हितं तर पंधरा दिवसांनी पार तिकडं. विजेच्या मोटारी हायत लोकांच्या, पण पाणी लांब गेलं की तारा कुठवर वढायच्या. आमच्याकडं सासऱ्यांच्या हातचं डिझेल इंजन, दोन चाकांच्या गाड्यावर बसवल्यालं, त्याच्याच पोटाला पंप. पाणी सरलं की आमी इंजन ढकलत पाण्यामागं जायचो. पाणी पुढं, इंजन त्याच्या मागं, इंजनामागं मालक, अन् मालकांच्या मागं डोक्यावर घागर घिऊन मी. सकाळच्या पाऱ्यात पाण्यावर धुकं असायचं, परदेशी पाखरं एका पायावर उभी, अन् आमची वरात चालल्याली. कुणी बघितलं असतं तर म्हणलं असतं ही माणसं इंजन बुडवाय चालल्यात का काय.

आता ह्यातलं काम कसं वाटल्यालं ते सांगती, म्हंजी पुढचं कळंल. इंजन कुठं ठेवायचं, पाइप कसा टाकायचा, हँडल मारायचं, हे मालकांचं. पंप भरायचा ते माझं. पंप भरायचा म्हंजी काय, तर कोरड्या पंपाला पाणी वढता येत न्हाय ताई. त्याच्या पोटात हवा असती, तो नुसती हवाच खात बसतो. म्हणून पंपाच्या डोक्यावर एक बूच असतं, ते काढायचं, नरसाळं लावायचं अन् वरनं पाणी वतायचं, खालच्या पाण्यापतूर गेल्याला समदा पाइप भरंस्तवर वतायचं. पाइपाच्या पाण्यातल्या टोकाला फूटवाल असतो, झाकणाचा, तो पाणी आत घेतो पण माघारी सोडत न्हाय. कुठं बारीक गळत असलं तर शेणकाला करायचा, ताज्या शेणाचं पातळ पाणी, ते वतलं की फटी बुजत्यात. नरसाळ्यात बुडबुडं येत्यात, मोठं, मग बारकं, मग मोहरीएवढं, मग थांबत्यात. थांबलं की मी म्हणायची, भरला. मग मालक हँडल मारायचं. म्या भरला म्हणल्याबिगर त्यांनी कधी हँडलाला हात लावला न्हाय, येवढा मान मला आमच्या घरात दुसऱ्या कशातच मिळाला न्हाय, हे बी लिवा.

मला ते काम लई आवडायचं. नरसाळ्यात बघत बसायचं, बुडबुडं वर येताना बघायचं, वाटायचं खाली कुणीतरी बोलतंय अन् त्याचं बोलणं वर येऊन फुटतंय. एकदा मालकांना म्हणलं, ही हवा आमच्या गावातली असंल, घराघरांत कोंडून बसल्याली. मालक म्हणलं, तुज्या गावाला सांग लवकर बोलून घ्या, ऊन चढाय लागलंय.

तर असं चाललं होतं. मागच्या साली उन्हाळी भुईमूग केला. मालकांनी स्वतः पेरला, मी मागनं बी घालत व्हते तर म्हणलं सर, तुजं दाट पडतंय, अन् समदं रान त्यांनी एकट्यानं पेरलं. त्याच्यानंतर पंधरा-एक दिवसांनी सकाळी चहा पिता पिता कप सांडला. म्या म्हणलं अवो बघा की. तर बघतच व्हतं, पण तोंड वाकडं झाल्यालं. लकवा. बारामतीला नेलं, पोरगं तितंच कंपनीत कामाला हाय, त्यानं समदं केलं, सुनंनं केलं. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं अन् वाचा गेली. घरी आणलं, पडवीत बाज टाकली, पाण्याकडं तोंड करून. डावा हात तेवढा चालायचा.

पोरगं म्हणलं आई, दोघं बारामतीला चला. म्या म्हणलं भुईमूग निघू दे. तो म्हणला भुईमुगाचं काय घिऊन बसलीस. आता त्याला काय सांगू. माझ्या मनानं एक घेतलं व्हतं बगा, म्हणा खुळी हाय म्हणून, पण घेतलं व्हतं. त्या माणसाच्या धडक्या हातानं पेरल्यालं ते शेवटचं पीक. ते जळलं तर मालक ऱ्हात न्हाईत. कुणाला बोलले न्हाय मी हे, आज तुम्हालाच सांगती.

मग मी अन् बबनभावजी, मालकांचं चुलतभाऊ, शेजारीच ऱ्हात्यात. मी भरायची, भावजी हँडल मारून डेअरीला जायचं. माणूस चांगला हाय, फकस्त मत लई देतो. अन् पाणी काय त्या साली थांबंना. सरत गेलं, सरत गेलं, चैत सरला तवा पार तिकडं जुन्या गावावर, माझ्या माहेरावर गेलं. कधी कधी येतं ते गाव वर, नुसती जोती अन् गाळ, पण आमची आळी सगळ्यात खालची, ती म्या लगीन झाल्यापासनं कधी उघडी बघितली नव्हती.

सकाळी इंजनाला जागा हुडकत निघालो. टणक जागा लागती इंजनाला, गाळात ठेवलं तर थरथरून रुततं, अन् पाण्यापासनं अडीच पुरुसापेक्षा, म्हंजी अडीच माणसांच्या उंचीपेक्षा वर बी चालत न्हाय, वढ पोचत न्हाय. मी पुढं चाललेली, चिखलाला भेगा पडल्याल्या, शिंपल्या पायाला लागत्यात, अन् पाय एकदम दगडावर पडला. खाली बघितलं. काळा दगड, मधी झिजल्याला. ताई, काय सांगू तुम्हाला. म्या पाय असा काढून घेतला, जशी आई मागनं वरडली. बसलेच मी तितं. हातानं गाळ पुसला, उंबरा आमचाच. भिंती न्हाईत, छप्पर न्हाय, जोतं तेवढं, अन् मधी उंबरा, अन् उंबऱ्याच्या पुढं खाली सगळं पाणीच पाणी, हालत नसल्यालं. मला कळंना मी जागी हाय का सपनात हाय. भावजी म्हणलं वैनी रडताय कशाला. म्या म्हणलं माहेरी आले.

घराच्या मागं आमच्या गोठ्याची फरशी हुती, चढतीला, दगडी, टणक. तितं इंजन ठेवलं. पाइप घरातनं दाराकडं अन् दारातनं पाण्याकडं. आता पाइप उंबऱ्यावर घासणार. मला ते बघवंना. म्या उंबऱ्याच्या अल्याड-पल्याड दोन-दोन दगड रचले अन् पाइप वरनं अलगद न्हेला, उंबऱ्याला शिवू दिला न्हाय. आईला मनात म्हणलं बघ, पाय बी दिला न्हाय अन् पाइप बी लावला न्हाय. लई बरं वाटलं.

अन् पंप काय पाणी धरंना. म्या भरला, नरसाळं गच्च, एक बुडबुडा न्हाय. म्हणलं भरला. भावजींनी हँडल मारलं, इंजन चालू झालं, पाणी आलं वाटंस्तवर दोन गुळण्या टाकल्या अन् बंद. परत भरला, परत तेच. शेणकाला केला, तरी तेच. भावजी म्हणलं पॅकिंग गेलं. इंदापूरनं पॅकिंग आणलं. मग म्हणलं फूटवाल गेला. फूटवाल बदलला. मग म्हणलं इंजनच म्हातारं झालं. तिसऱ्या दिवशी म्हणलं वैनी, आऱ्या सुटल्यात भुईमुगाला, म्हंजी आता शेंग धरायची येळ, दोन दिसांत पाणी न्हाय मिळालं तर मातीत घुसायच्या जागी वाळून जातील, सोडा नाद, गुरं घाला रानात. अन् मला माझंच खोटं वाटाय लागलं. इतक्या वर्सांत मी भरला म्हणलं अन् पंप भरला न्हाय, असं कधी झालं न्हवतं.

दुपारी घरी आले, मालकांना भरवाय बसले. ते दोन दिस जेवत न्हवतं, घास तोंडात तसाच धरून पाण्याकडं बघायचं, इंजनाचा आवाज येतो का म्हणून. त्या दिवशी माझा धीर सुटला, मी समदं बोलले. उंबरा गावला म्हणून सांगितलं, गोठ्याच्या फरशीवर इंजन ठेवलं म्हणून सांगितलं, दगड रचून पाइप वरनं न्हेला म्हणून सांगितलं, अन् रडत रडत म्हणलं, अवो तुमचा भुईमूग माझ्या हातनं चाललाय.

मालकांनी डाव्या हातानं खांद्यावरचा टावेल वढला. डावा गुडघा वर घेतला अन् टावेल त्याच्यावरनं पसरला, एक टोक ह्या बाजूला, एक त्या बाजूला. अन् गुडघ्यावर बोटानं टकटक करायला लागलं. मला वाटलं गुडघा दुखतोय. म्या तेल आणलं अन् चोळाय बसले. तर असा राग आला माणसाला, डोळं मोठं करून माझा हात झटकला, परत टावेल नीट केला, परत टकटक. म्या म्हणलं मग काय डोंबल म्हणताय. तवा त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, पाणी सांडतंय, अन् तो तांब्या नेऊन गुडघ्यावर ठेवला. पार उंचाला. अन् माझ्याकडं बघत ऱ्हायलं.

मग माझ्या डोस्क्यात उजेड पडला बगा. टावेल म्हंजी पाइप. गुडघा म्हंजी माझा उंबरा. पाइप पाण्यातनं वर चढतो, उंबऱ्यावर कमान करतो, घरात खाली उतरतो अन् मग गोठ्याकडं परत चढतो. त्या कमानीत हवा बसल्याली, नरसाळ्यातनं कितीबी वता, ती तितनं हालत न्हाय, अन् वर मला वाटतंय भरला. पाइप पाण्यापासनं पंपापतूर चढताच पाहिजे, मधी कुठं उंचवटा नको. मधी उंच जागा आली तर पंपच त्या उंच जागी ठेवायचा. तांब्या गुडघ्यावर. इतकी वर्सं पाइप त्यांनी टाकला, मला कधी सांगितलं न्हाय अन् म्या कधी इचारलं न्हाय.

पण तांब्या गुडघ्यावर म्हंजी इंजन उंबऱ्यावर. म्या म्हणलं अवो, आईच्या उंबऱ्यावर? त्यांनी डोळं मिटलं अन् मान हालवली, व्हय. अन् मग हात पसरला, घास दे म्हणून.

भावजींना घिऊन गेले. भावजी बी थबकलं, म्हणलं वैनी, दाराच्या उंबऱ्यावर लोखंड ठेवायचं, तेल गळतंय त्याचं. म्या म्हणलं ठेवायचं. दोघांनी गाडा ढकलत उंबऱ्यापतूर आणला, दगड लावून पंप बरोबर उंबऱ्यावर घेतला, चाकांना आडण लावलं. पुढचा पाइप तितनं वर रानाकडं जोडला, त्या पाइपाला चढउतार चालतो. तेवढ्यात डेअरीची येळ झाली, भावजी म्हणलं सकाळी येतो हँडल मारायला. म्या म्हणलं या.

ते गेलं. ऊन कलल्यालं, पाणी तांबडं झाल्यालं, सगळीकडं गप्प. म्या घागर भरून आणली. पहिलं पाणी पंपात घालत्यात, पण म्या ते उंबऱ्यावर घातलं. धुतला नीट, आई धुवायची तसा. हळदीकुकू काय जवळ न्हवतं, माझ्याच कपाळाचं बोटाला घेतलं अन् लावलं. म्हणलं आई, तुजा जावई चुकत न्हाय पाइपात, तू बी रागावू नगं. मग पंप भराय बसले. अन् काय ते बुडबुडं आलं ताई, मोठं मोठं, येतायत येतायत, मी एकटी उंबऱ्याशी बसल्याली, वाटलं समदं गाव बोलाय लागलंय. मग बारकं झालं. मग थांबलं.

म्या म्हणलं, भरला. हँडल माराय कुणी न्हाय.

सकाळपतूर थांबवंना मला. हँडल घेतलं. मालक दुसऱ्यांना वरडायचं ते आठवलं, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, इंजनानं उलटा झटका दिला तर मनगट जाईल. पदर खोचला, इंजन हलकं फिरावं म्हणून वरची दांडी पाडून हँडल फिरवलं, एकदा, दोनदा. न्हाय. परत. तिसऱ्या खेपंला दांडी सोडली तसं इंजन खोकलं, धूर सोडला अन् टुक टुक टुक टुक चालू झालं. मी पाइपाला हात लावून उभी. आधी नुसता थरथरला, मग जड झाला, मग गार. गार झाला म्हंजी पाणी आलं. मी उंबऱ्याशेजारी उभी ऱ्हाऊन मोठ्यानं रडले, इंजनाच्या आवाजात कोण ऐकतंय.

रानात दारं धरली, म्हंजी वाफ्यांची तोंडं फोडली, पाणी भुईमुगात शिरलं, मग पळत घरी आले. आवाज हितवर येतो का न्हाय ह्याचीच काळजी. लांब व्हतं ना पाणी. पडवीत बघितलं तर मालक डोळं मिटून पडल्यालं. जवळ गेले तर डावा हात बाजंच्या माच्यावर, अन् बोटं हालत्यात. टुक टुक टुक टुक. इंजनाच्या बरोबर, एक ठोका मागं न्हाय का पुढं न्हाय.

आता समदं परत पाण्याखाली गेलंय. इंजन म्या येळंत वर आणलं, उंबऱ्यावर तेलाचा एक डाग ऱ्हायला, म्या घासला पण निघाला न्हाय, ऱ्हाऊ दे म्हणलं, ओळख ऱ्हाईल. पोरगं अजून म्हणतं बारामतीला चला. मी म्हणती येऊ की. मालक बोलत न्हाईत, पण जेवत्यात, अन् डाव्या हातानं शेंगा फोडत बसत्यात, चार फोडल्या की दोन खात्यात, त्यांना वाटतं मला दिसत न्हाय. अन् सपान पडतं अजून. पण आता आई दारात उभी नसती, ती आत असती चुलीपुढं, अन् मी उंबऱ्याशी पंप भरत बसल्याली असती. ती आतनंच म्हणती, झालं का गं. मी म्हणती, व्हतंय.

तुमचं लिवून झालं का? मग अशाच जाऊ नका, पदर पसरा, ओढणी तर ओढणी. ह्या शेंगा घ्या. मालकांनी पेरल्याल्या हायत अन् माझ्या आईच्या दारातलं पाणी पेल्याल्या हायत. पोराबाळांना खाऊ घाला, सुखात ऱ्हावा.